पेटीची ओटी

आशाबाई मेस्त्रींना जागेपणी स्वप्नं पडायची आणि त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा कुकरला बसायचा. शिट्ट्या मारून मारून तो दमायचा, आतलं पाणी आटायचं, करपलेल्या डाळीचा वास गोडदेवच्या त्या अख्ख्या गल्लीत फिरून यायचा, आणि समोरच्या घरातली रसिका दारातून ओरडायची, "काकी, खाली उतरा!" आशाबाई तळमजल्यावरच राहत. पण कुठून उतरायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

त्यांचं घर म्हणजे पुढे गाळा आणि मागे दोन खोल्या. गाळ्यात त्यांचे यजमान महिपत मेस्त्री देव्हारे बनवायचे. लांज्याहून दोघं इथं आली तेव्हा गोडदेव खरोखरचं गाव होतं. विहीर होती, भाजीचे वाफे होते. पुढे भाईंदर वाढलं, चहूकडून इमारती उठल्या, आणि मेस्त्रींच्या गाळ्यात ऊन फक्त दुपारी यायला लागलं, तेही उभ्या उभ्या. तेवढ्या वेळात रंध्याखालचा बारीक भुसा त्या उन्हात तरंगायला लागायचा आणि आशाबाई मांडीवर तांदळाचं सूप घेऊन त्याच्याकडे बघत राहायच्या. हात खडे निवडायचे, मन कुठल्या कुठे गेलेलं असायचं. "काय दिसतं गं तुला त्यात?" महिपत विचारायचे. "काही नाही हो," म्हणून त्या सूप पाखडायला घ्यायच्या. खरं सांगायची सोय नव्हती.

खरं असं होतं की त्यांची बाकीची स्वप्नं हौसेची होती, पण एक नको असताना पडायचं. थोरली लेक संचिता काही वर्षांपूर्वी, साध्यासुध्या एका सकाळी, खांद्याला पर्स लावून "आई, येते गं" म्हणत कामाला गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला की तिने कोर्टात लग्न केलंय. मुलगा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या प्रांतातला. महिपतांनी फोन ठेवला आणि सांगितलं, "या घरात तिचं नाव निघता कामा नये." माणूस शब्दाचा पक्का, म्हणजे हट्टी. नाव निघालं नाही. संचितानेही नंबर बदलला; बापाचाच स्वभाव उचलला होता पोरीने. नवऱ्याच्या बदल्या होत असतात, दिल्लीकडे कुठेतरी असते, एवढंच कुणाकुणाकडून कानावर यायचं.

लोकांना वाटायचं, आशाबाईंनी जातीचं मनाला लावून घेतलं. डोंबल! जात त्यांच्या गावीही नव्हती. त्यांचा सल वेगळाच होता: पोर रिकाम्या ओटीने गेली. त्या स्वतः लग्न होऊन माहेरातून निघाल्या तेव्हा आईने त्यांच्या पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड घातलं होतं, आणि त्यांनी त्यातले चार दाणे उचलून परत आईच्या ताटात टाकले होते. ओटी घेणारीने तसं करायचंच असतं. त्याने देणारीचं घर रिकामं होत नाही आणि माहेरची वाट उघडी राहते. संचिताच्या बाबतीत ना देणं झालं, ना परत टाकणं. म्हणून आशाबाईंना दिसायचं ते असं: संचिता उंबऱ्यात ओढणी पसरून उभी आहे, बाहेर रिक्षा थांबली आहे, आणि यांना तांदळाचा डबा सापडत नाही. एक डबा उघडावा तर मीठ, दुसरा उघडावा तर खिळे. रिक्षावाला हॉर्न वाजवतो, संचिता हळूच ओढणी गोळा करते, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते.

धाकटा अमोल एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. भाईंदरमधल्या कितीतरी वाढदिवसांच्या बॅनरांवर शुभेच्छुकांचे चेहरे त्यानेच गोरे केले होते. रविवारी तो मिरा रोडला एका कॅफेत पत्ते खेळायला जायचा. महिपतांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली पटाशी खाली ठेवली. मेस्त्रींच्या घरात जुगार! मग अमोलने पत्ते आणून समोर मांडले. त्यांत राजा, राणी, गुलाम कुणी नव्हतं. एकावर आग ओकणारा सरडा, दुसऱ्यावर डोंगर उचललेली बाई, तिसऱ्यावर नुसतंच धुकं. ज्याने त्याने आपापले पत्ते जमवायचे, त्यातून सैन्य उभं करायचं आणि समोरच्याच्या सैन्याशी झुंजवायचं. एखाद्या पत्त्यासाठी लोक वर्ष वर्ष वाट बघायचे. कोपरा दुमडू नये म्हणून प्रत्येकाला पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट, त्याला ते स्लीव्ह म्हणायचे.

"एवढं जिवापाड जपता, आणि ठेवता कशात?" महिपतांनी विचारलं.

अमोलने चपलांचा पुठ्ठ्याचा खोका दाखवला. महिपतांनी तोंड असं केलं की जणू कुणी देव चपलांच्या खोक्यात ठेवलेत. पत्त्यांसाठी लाकडी पेट्या बनवून विकायची कल्पना तिथं सुरू झाली असं अमोल सगळ्यांना सांगायचा, पण ते पूर्ण खरं नव्हतं.

लहानपणी वेफर्सच्या पाकिटातून पत्ते निघायचे, ते ही दोन्ही भावंडं जमवायची. ठेवायला महिपतांनी आपली खिळ्यांची जुनी सागवानी पेटी दिली होती, मध्ये फळी घालून, अर्धी हिची, अर्धी ह्याची. त्या फळीच्या सरहद्दीवर रोज लढाई व्हायची. सगळ्यात मोठी लढाई निळ्या पंखांच्या माशावरून. अमोल म्हणायचा, मासा माझा. संचिता म्हणायची, पाकीट मी फोडलं. एक दिवस तो पत्ताच पेटीतून नाहीसा झाला. संचिता गेली त्या संध्याकाळी अमोल रडला नाही, फक्त म्हणाला, "माझा मासा पण घेऊन गेली." त्यानंतर तोही तिच्याविषयी बोलला नाही, पण खिळ्यांची पेटी त्याने टाकली नव्हती. नवी पेटी काढली ती त्याच मापावर.

पेटी चांगली करायची तर भांडवल हवं. अमोलने बापाला क्राउडफंडिंग समजावलं. इंटरनेटवर पान उघडायचं, एक नमुना दाखवायचा, ज्यांना हवी ते वस्तू बनण्याआधीच पैसे भरतात. ठरलेली रक्कम मुदतीत जमली तर पेट्या बनवून घरपोच द्यायच्या, नाही जमली तर ज्याचे त्याला परत.

"म्हणजे वर्गणी," महिपत म्हणाले.

"वर्गणी नाय हो बाबा. लोकं विश्वास ठेवतात."

"वर्गणीतही ठेवतात. गणपती बसायच्या आधीच देतात की. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असलं काम आहे तुझं."

बोलले खरे, पण संध्याकाळी त्यांनी सागाची एक फळी उचलून तिच्यावरून तळवा फिरवला. यंत्रावर कापलेले तयार देव्हारे दुकानांत यायला लागल्यापासून त्यांच्या हाताला फारसं काम नव्हतं, आणि हात रिकामे असले की हा माणूस घरातल्या बिजागऱ्या उगाच काढून पुन्हा बसवायचा. आशाबाईंनी ती फळी बघितली आणि त्यांना बरं वाटलं.

पानासाठी व्हिडिओ काढला. चेहरा दाखवायला महिपतांनी साफ नकार दिला, म्हणून नुसते हात. रंधा फिरतोय, लाकडाची साल वळत वळत खाली पडतेय, कोपरे खिळ्याशिवाय दाताला दात अडकवून जोडले जातायत, चिंधीच्या बोळ्याने लाखेचं पॉलिश चढतंय. सगळं कसं शांत, आणि नेमकं झाकण लावायच्या वेळेला आतून आशाबाईंचा आवाज: "अहो, चहा गार होतोय!"

आशाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काढून टाक रे ते," त्या म्हणाल्या.

"राहू दे गं. मस्त वाटतंय," अमोल म्हणाला आणि त्याने ते राहू दिलं.

मग आशाबाईंना त्याचंच स्वप्न लागलं. आपला आवाज देशभर हिंडतोय, न बघितलेल्या गावांत, न बघितलेल्या खोल्यांत शिरतोय, परक्या माणसांना चहाला बोलावतोय, आणि ती माणसं हातातलं काम सोडून मान वर करून बघतायत. त्या दिवशी दूध उतू गेलं.

मुदत संपायच्या आधीच रक्कम जमली. जवळच्या, खाडीकाठच्या मुर्धा गावात एक जुनं कौलारू घर मोडायला काढलं होतं. मुर्ध्याहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या कमळाबाईच्या ओळखीने त्याचे सागवानी वासे मिळाले. "खाडीचा वारा पिऊन पिऊन हे लाकूड शहाणं झालंय, आता ते कुठे वाकडं जायचं नाही," असं महिपत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. उन्हाळाभर गाळ्यात सागाचा आणि लाखेचा वास भरून राहिला. पेट्या एकावर एक चढत गेल्या. झाकण बसताना आतल्या लोहचुंबकाने हळूच ओढून घेतल्यासारखं व्हायचं, आणि मग एक मऊ 'टप' असा आवाज. दुपारी डोळा लागता लागता आशाबाईंना तो आवाज ऐकू यायचा, आणि वाटायचं, कुणीतरी कुठेतरी घरी पोचलं आणि दार लावून घेतलं.

पॅकिंगचं काम त्यांच्याकडे आलं. बटर पेपर, त्यावर बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, मग खोका, चिकटपट्टी, वर लेबल. पहिली पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि झाकण उघडलं. आत क्रीम रंगाची मखमल होती, बाकी काहीच नव्हतं. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं: अगंबाई, रिकामी! कमळाबाईने सुकटीची वाटी दिली तर ती वाटीसुद्धा आपण साखरेच्या चार दाण्यांशिवाय परत करत नाही. आणि ही एवढी नटवलेली पेटी परक्या घरी जन्माची चालली, ती रिकामी धाडायची?

त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. एवढं व्यवहारज्ञान स्वप्नाळू माणसालाही असतं. ट्रंकेतून खणाचं कापड काढलं, त्याचे चौकोन कापले, आणि प्रत्येकात मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड घालून लाल दोऱ्याने पुरचुंडी बांधली. नारळ मावत नव्हता, त्याबद्दल मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. तांदूळ दुकानातला घेतला नाही. त्याला किडीसाठी बोरिक पावडर लावलेली असते, आणि ओटीत औषध घालतात का कुणी? लांज्याहून दिरांनी पाठवलेला, घरच्या शेतातला हातसडीचा तांदूळ घेतला, ज्याला औषधाचा वारासुद्धा लागला नव्हता. हीच ती चूक, पण ती कळायला अजून अवकाश होता.

ते दिवस फार सुंदर गेले. लेबलं इंग्रजीत असली तरी आशाबाई ती जुळवून वाचायच्या, आणि प्रत्येक नावाला एक घर द्यायच्या. बंगळूरचा मुलगा उंच इमारतीत एकटा राहतो, आई फोनवर जेवलास का विचारते आणि तो खुशाल खोटं सांगतो. त्याच्या पुरचुंडीत चिमूटभर तांदूळ जास्त पडला. शिलाँगला म्हणे खिडकीतून ढग घरात येतात. मग रात्री ते पेटीत शिरले तर? नाशिकचे गृहस्थ नक्की बायकोपासून चोरून पत्ते घेत असणार. एका लेबलवर नुसतंच "सान्वी" होतं आणि खाली जबलपूरमधला पत्ता.

"हिला आडनाव नाही का रे?" त्यांनी विचारलं.

"भरलं नसेल. नंबर आहे ना, बस झालं."

आशाबाईंना सान्वी लगेच दिसली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा दात पडलेला, आणि पत्ते भावापासून लपवायची सवय. तिच्या पुरचुंडीला त्यांनी एक गाठ जास्त मारली, वाटेत सुटू नये म्हणून. प्रत्येक पेटी बंद करताना त्या पुटपुटायच्या, "ये हो." उंबऱ्याबाहेर पडणाऱ्याला जा म्हणायचं नसतं. आणि या दिवसांत एक गंमत झाली. ते नको असलेलं स्वप्न बदललं. त्यात आता तांदळाचा डबा सापडायचा. संचिता ओढणी पसरायची, यांच्या मुठीतून तांदूळ ओघळायला लागायचे, आणि रिक्षावाला चक्क हॉर्न न वाजवता थांबायचा.

श्रावणात पाऊस असा कोसळला की कुरिअरच्या गोदामांत खोके दिवसचे दिवस पडून राहिले. दमट हवा, अंधार, आणि शुद्ध हातसडीचा तांदूळ. आणखी काय हवं होतं? पेट्या पोचल्या आणि अमोलचा फोन किणकिणायला लागला.

पहिला फोटो बंगळूरच्या मुलाचा होता. क्रीम मखमल, तिच्यावर त्याचे लाडके पत्ते, आणि पत्त्यांवरून रमतगमत चाललेले तांदळातले पोरकिडे. नाशिकच्या गृहस्थांना कीड दिसलीच नाही. खणाची पुरचुंडी, तांदूळ, सुपारी आणि लाल दोरा बघूनच त्यांची बोबडी वळली. ही करणी कुणी पाठवली म्हणून त्यांनी पेटी बाल्कनीत ठेवून घरावरून मीठ ओवाळलं होतं. शिलाँगच्या माणसाने मात्र फार नम्रपणे विचारलं होतं की हे बी कोणत्या महिन्यात पेरायचं.

"आई, हे तू टाकलंस?" अमोलने फोन पुढे धरला.

"ओटी आहे ती."

"कुणाची ओटी? पेटीची? अगं, लोकं हात धुवून पत्त्याला हात लावतात, आणि तू त्यात किडे पाठवलेस, किडे! पब्लिक काय काय लिहितेय बघ पानावर. फ्रॉड म्हणतायत मला."

"किडे नाही घातले मी. तांदूळ घातला."

"उद्यापासून माझ्या कामाला हात नको लावूस. प्लीज."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं; ते प्लीज आशाबाईंना फार लागलं. परक्या माणसाला म्हणतात तसं तो म्हणाला होता. मग त्याने सगळ्यांची माफी मागितली, ज्यांना हवी त्यांना मखमल बदलून द्यायचं कबूल केलं, काहींनी पैसे परत घेतले. दोष त्याचा नव्हता आणि ओरडणंही चुकीचं नव्हतं. आशाबाईंना ते कळत होतं, म्हणून तर त्यांना कुणावर रागावताही येईना.

महिपतांनी दुपारी विचारलं, "का केलंस गं असं?"

आशाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. तांदूळ केव्हाच निवडून झाला होता. "लेकीची भरता आली नाही म्हणून," त्या म्हणाल्या, आणि मग इतक्या वर्षांचा नियम मोडून त्यांनी नाव घेतलं. "संचिताची."

रंधा थांबला. थोड्या वेळाने रंधा पुन्हा सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत महिपत तीच फळी रंधत राहिले. शेवटी ती इतकी पातळ झाली की टाकून द्यावी लागली.

कमळाबाई पाटी उतरवून उंबऱ्यात टेकली तेव्हा आशाबाईंनी तिला सगळं सांगितलं. ती खो खो हसली. "पोरकिडा चांगल्या तांदलालाच लागतो गो. दवा मारल्याला तो पन इचारत न्हाय," म्हणाली, आणि दोन बोंबील जास्त टाकून गेली. आशाबाई तेवढ्यापुरत्या हसल्या. पण स्वप्न पहिल्यासारखं झालं होतं, किंबहुना वाईट. डबा सापडत नव्हताच, आता उंबऱ्यात संचिताही नसायची. नुसता उंबरा, आणि त्याच्यावर दुपारचं ऊन.

गणपती येऊन गेले. एक दिवस महिपत लाकडाकडे बघत म्हणाले, "पुढच्या पेट्यांत नुसती सुपारी टाक. सुपारीला कीड लागायला वेळ लागतो. अमोलला मी सांगतो."

या माणसाच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे अर्धा डोंगर हलल्यासारखं होतं. पण आशाबाई म्हणाल्या, "अर्धी ओटी भरत नसतात." नवऱ्याला असं तोडून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

दसरा जवळ आला, पाऊस उघडला आणि ऊन असं पडायला लागलं की पापड वाळवावेत. कुकर नुकताच चढवला होता. पोस्टमन एक लहानसं, कडक पाकीट देऊन गेला. वर छापील अक्षरांत आशाबाईंचं नाव, आणि पाठवणाऱ्याच्या जागी सान्वी, जबलपूर.

"आता ही पण!" अमोल वैतागला. "किडा पाठवला असणार, पुरावा म्हणून." त्याने पाकीट फाडलं. आत पुठ्ठ्याचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले होते. त्याने ते सोडवले.

पुठ्ठ्यांच्या मध्ये एक स्लीव्ह होती आणि स्लीव्हमध्ये एक जुना पत्ता. त्याचा एक कोपरा दुमडलेला, कडेला वेफर्सच्या तेलाचा डाग, मध्यभागी निळ्या पंखांचा मासा.

"आई," अमोल म्हणाला.

आशाबाई पदराला हात पुसत आल्या. माशाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी स्लीव्ह उलटी केली. पत्त्याच्या मागे, प्लॅस्टिकच्या आत, कुंकू लावलेले तांदळाचे चार दाणे होते.

"परत टाकले तिने," आशाबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाणे. ताटात परत टाकले."

गाळ्याच्या टोकाला महिपत उभे होते. ते आले, भुशाने भरलेला चष्मा बनियनला पुसला, आणि स्लीव्ह दोन्ही हातांत घेऊन उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिले. आशाबाईंना वाटलं, हे आपलं नेहमीचं जागेपणीचं स्वप्न आहे आणि आता कुकरची शिट्टी होईल. शिट्टी झालीही, पण काहीच मोडलं नाही. दाणे चारच राहिले आणि महिपतांच्या हातातच राहिले.

"सान्वी म्हणजे..." महिपत म्हणाले. मग अमोलकडे वळले. "ऑर्डरीत नंबर असतो म्हणाला होतास ना?"

"आहे."

"लाव. आणि तो कुकर बंद करा कुणीतरी."

अमोलने फोन स्पीकरवर ठेवून रंधकामाच्या बाकावर ठेवला. तिघं त्याच्याभोवती उभी राहिली. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग आवाज आला, "हॅलो?"

महिपतांनी तोंड उघडलं. ज्या नावावर त्यांनी स्वतः बंदी घातली होती ते आता जिभेवर येईना. "संचू," शेवटी ते म्हणाले. हे नाव बंदीत नव्हतं, ते फार जुनं होतं, ती रांगायची तेव्हाचं.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "बाबा?"

त्यांनी मान हलवली, जणू फोनला दिसणार होतं, आणि बाजूला होऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आता बोलायचं आशाबाईंनी. या घडीसाठी त्यांनी स्वप्नांत किती वर्षं, किती भाषणं तयार केली होती. रागाची, माफीची, रडण्याची. त्यातलं एकही आठवेना.

"पोरकिडे झाले होते ना गं तांदळाला?" त्या म्हणाल्या.

संचिता हसली की रडली ते कळलं नाही. "झाले होते. खूप." मग म्हणाली, "व्हिडिओत तू चहाला बोलावलंस ना, तेव्हा मी उठूनच उभी राहिले गं. माझ्या नावाने पेटी मागवायची हिंमत झाली नाही, म्हणून पोरीच्या नावाने मागवली. पुरचुंडी बघितली आणि..." ती थांबली. मागून कुणीतरी लहान, कुणाचा फोन, कुणाचा फोन, असं विचारत होतं.

"दोन वेण्या घालतेस का तिच्या?"

"कसल्या वेण्या! बॉयकट केलाय तिने."

"बरं," आशाबाई म्हणाल्या. एवढी एक गोष्ट चुकली होती, तर चुकू दे. "आणि तो तांदूळ टाकून दिलास ना?"

"टाकू कशाला? पाऊस उघडेपर्यंत थांबले, मग गच्चीत उन्हात घातला, निवडला. चार दाणे तुला पाठवले आणि बाकीच्याचा भात केला." तिचा आवाज पुन्हा बारीक झाला. "सान्वीने दोनदा मागून घेतला, आई."